टोपल्या, रिबिनी आणि डावा हात

पहिल्याच भेटीत त्यानं मला फुगा दिला. डाव्या हातानं.

घानातल्या आमच्या कुमासीत डाव्या हातानं कुणी कुत्र्यालाही हाड घालत नाही. आणि मी तर सकाळपासून नाताळच्या भेटींच्या साठ टोपल्या बांधलेली बाई. दुधाचे डबे, सार्डिन, बिस्किटं, वर चकचकीत कागद, त्यावर रिबीन. हरमाटनच्या कोरड्या वाऱ्यानं ओठ फुटले होते. डोकं त्याच्याही आधी.

"उजवा हात गहाण टाकलाय का?" मी ओरडले.

"माफ करा, सिस्टर पोकुआ… उजव्यात वही आहे." तो हसला. गालाला खळी पडली. मला खळीचाही राग आला. "मी ओबेंग. तेवीस तारखेपर्यंत तुमचा ताण कमी करायला नेमलंय मला. सगळा राग या फुग्यात भरा."

मी भरला. फुगा फुटला. त्यानं वहीत लिहिलं.

तेवढ्यात दुकानाचे मालक ओसाफोसाहेब स्टुलावर चढले. "चोवीसला एकालाच रजा! वहीत ज्याचा राग सगळ्यात कमी, तो घरी जाईल. बाकीच्यांनी इथं थांबून शांत व्हायचं!"

"तीन वर्षं घरी, टेचिमानला गेले नाहीये मी!" मी किंचाळले. "आई फोनवर मला शेजारच्या मुलीच्या नावानं हाक मारायला लागलीय!"

ओबेंगनं तेही लिहिलं.

मग मी शांत राहायचं ठरवलं. अकरा मिनिटं राहिले. बाराव्या मिनिटाला एक गिऱ्हाईक आलं. सासऱ्यांसाठी टोपलीत जिवंत कोंबडी हवी होती. साहेब म्हणाले, "बसवा." मी बसवली. दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक टोपली घेऊन परत आलं, बिस्किटं कमी भरली म्हणून!

त्यानंतर मी जे बोलले ते ऐकून कोंबडीनं मान आत घेतली.

"रागावलात की तुमच्या नाकाचा शेंडा थरथरतो," ओबेंग हळूच म्हणाला.

"लिहा! तेही लिहा!"

"लिहिलंय… वेगळ्या पानावर."

मी कात्री आपटली. पण जरा हळू.

तेवीसच्या दुपारी शेवटची टोपली होती. "नुसते उभे काय? गाठीवर बोट ठेवा," मी खेकसले. त्यानं ठेवलं. मी रिबीन आवळली. तेवढ्यात साहेबांनी टेबलावरची वही उघडून मोठ्यानं वाचलं, "पोकुआ – शून्य. ओबेंग – एक्केचाळीस. हे काय?"

"तिचं एक्केचाळीस वेळा बरोबर होतं!" ओबेंग गरजला. खळीबिळी गायब. "कोंबडीला हो तुम्ही म्हणायचं, शिव्या तिनं खायच्या, आणि वर फुगे फुगवायचे? राग मलाच येत होता. माझ्या नावावर लिहिला!"

टोपल्या बांधणाऱ्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. हातात कात्र्या होत्याच.

साहेबांनी रजेच्या कागदावर मुकाट्यानं सही केली.

ओबेंगनं तो कागद माझ्यापुढे धरला. डाव्या हातानं.

"परत?"

"उजवा अडकलाय… तुम्हीच बांधलाय."

खरंच की! मी गाठ सोडवू लागले. गाठ सुटली. हात काही सुटेना.

"टेचिमानची बस किती वाजता?" त्यानं विचारलं.

"सहाला. तुला काय करायचंय?"

"आई ओळखणार नाही तुला. साक्षीदार नको?"

"मी वाटेतही रागावेन हं."

"रोज रागाव. वही जाडी घेतो."

मी कागद घेतला. डाव्या हातानं. उजवा मोकळा नव्हता.