दार ढकल

आमच्या बँडची तालमीची खोली टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. भिंतींवर जुन्या गाद्या ठोकलेल्या, पंखा नावापुरता. खाली कोणी हवा भरायला आलं की ती फुसफुस नेमकी आमच्या हळुवार गाण्यात येऊन बसते. मी वैतागायचो. बोका म्हणायचा, "असू दे रे, तोही आपल्यातलाच. फुकट वाजवतोय."

बोका म्हणजे आमचा गायक. शाळेत असताना भिंतीवर बसून बेंबीच्या देठापासून ओरडायचा, म्हणून हे नाव. पुढे पोस्टरवरही तेच आलं. फुफ्फुसांच्या आजाराने तो गेला आणि आमचं काप गेले नि भोकं राहिली असं झालं. मी ड्रम बडवतो, लांब्या गिटार वाजवतो. दोघांनाही धड गाता येत नाही.

त्याच्या आठवणीत एक कार्यक्रम करायचं ठरलं. आजाराच्या कितीतरी आधी केलेल्या अल्बममधला त्याचा नुसता आवाज लांब्याकडे वेगळा काढलेला होता. तो स्पीकरवर लावायचा आणि मागे आम्ही वाजवायचं. वहिनीने, म्हणजे बोक्याच्या बायकोने, एकच अट घातली.

"शेवटचा त्याचा आवाज मला विसरायचाय. धडधाकट असा हा एवढाच उरलाय. त्याला काही करू नका."

आम्ही काय करणार होतो, डोंबल!

आमची एक रीत होती. गाणं सुरू करताना बोका तीनपर्यंत मोजायचा आणि चारच्या जागी मी ठोका द्यायचो. पहिल्याच तालमीत 'चार कोणी म्हणायचं' यावरून आमचं भांडण झालं होतं, तेव्हापासून चार माझा. अल्बममध्येही ते मोजणं आम्ही हट्टाने ठेवलं होतं.

'दार ढकल' हे वहिनीचं लाडकं गाणं. लग्नानंतर त्यांनी घेतलेल्या भाड्याच्या खोलीचं दार अडकायचं. हा बाहेरून ओढतोय, ती आतून ढकलतेय, आणि सगळा जिना हसतोय. त्यातून ते गाणं झालं. शेवटचा 'ढकल' तो इतका लांबवायचा की ऐकणाऱ्याला धाप लागायची. तेवढ्यातही मला डोळा मारायचा.

या कार्यक्रमाच्या पहिल्या तालमीत तो 'ढकल' मला आखूड वाटला.

"कापलास का रे?" मी लांब्याला विचारलं.

"मी कशाला कापू? तुझेच हात जड झालेत."

मला पटलं. दुःखात माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी कडव्याच्या मधोमध एक श्वास आला. तिथे बोक्याने कधीच श्वास घेतला नव्हता. मी ते गाणं त्याच्या पाठीमागे बसून आयुष्यभर वाजवलंय. पुन्हा लावलं तेव्हा श्वासाला लागून खोकला आला. लांब्याने मशीन बदललं, हेडफोन बदलले, वायरी बदलल्या. खोकला जागच्या जागी.

आवाजामागे बारीक बुडबुडही होती. खाली पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात धरली असेल, असं म्हणून मी जिना उतरलो. दुकानाला सुट्टी होती. शटरला कुलूप.

न राहवून वहिनीला बोलावलं. ती अल्बमची स्वतःची प्रत घेऊन आली, वेष्टनसुद्धा न काढलेली. ते तिने आमच्यासमोर फाडलं.

खोकला त्यातही होता.

वहिनी मान खाली घालून ऐकत होती. बुडबुड सुरू झाली तशी तिने माझं मनगट धरलं.

"ही ती बाटली आहे भाऊजी. ऑक्सिजनच्या नळीची. मी तिच्या शेजारी झोपलेय."

माझं मनगट तिने सोडलं नाही.

"किती वेळा लावलंत हे?"

"तालीम होती वहिनी. लावलं बऱ्याचदा."

"दर वेळी तो थोडा थोडा तिकडे चाललाय. कळत नाही का तुम्हाला? बंद करा!"

लांब्याने वायर उपटली. मला रडू फुटलं. माणूस एकदा गेला ते सोसलं होतं. आता आम्ही हौसेने, तालासुरात त्याला पुन्हा आजारी पाडलं होतं.

कार्यक्रम रद्द केला. यापुढे कोणीच काही लावायचं नाही, म्हणजे जेवढा उरलाय तेवढा तरी राहील, असं वहिनी म्हणाली. प्रत छातीशी धरून ती निघाली आणि आम्ही तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो.

भर दुपार होती. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये रेडिओ चालू होता.

"आज बोका यांचा वाढदिवस," निवेदिका सांगत होती. "तुमच्या आग्रहाखातर दिवसभर त्यांचीच गाणी. आवडीचं गाणं कळवत राहा."

समोरून गेलेल्या टॅक्सीत तोच होता. वरच्या खिडकीतही तोच. प्रत्येक ठिकाणी त्याला धाप लागत होती.

कोणाचंच लक्ष नव्हतं. सलूनवाला मान डोलवत होता.

"काय आवाज होता हो!"

वहिनी धावत आत शिरली. "बंद करा. पाया पडते तुमच्या, बंद करा."

त्याने वस्तरा खाली ठेवला. फार मायेने बोलला.

"ऐकू द्या ना ताई. आम्हालाही आठवण येते त्याची."

पुढचं गाणं लागलं.

"एक," बोका म्हणाला.

बुडबुड.

"दोन." हे फार वेळाने.

बुडबुड थांबली.

तीन आलं नाही. वहिनी रेडिओकडे बघत राहिली. सलूनवाल्याचा पाय ताल धरून थांबला होता.

मग चौथा ठोका पडला. तो माझा होता, अगदी वेळेवर.