बोगद्याच्या तोंडाशी

मामा तिखटमीठ लावतात ते स्वतःच्या तरुणपणाला. दुसऱ्याच्या दुःखाला कधीच नाही. म्हणून जेवणं उरकल्यावर, गच्चीवरच्या अंधारात ते "माझ्या मित्राचं सांगतो" म्हणाले, तेव्हा भाचेमंडळींनी थट्टा आवरती घेतली.

हा मित्र टीव्ही दुरुस्त करायचा. जुन्या व्हिडिओ गेमचं वेड, म्हणून सगळे त्याला बटणराव म्हणत. गेल्या थंडीतला शनिवार, त्याच्या मुलीच्या वाढदिवसाची आदली संध्याकाळ. बटणराव घड्याळवाल्याकडे सेल आणायला गेला.

"कुठल्या घड्याळाला?"

"घड्याळाला नाही. गेमच्या कॅसेटला."

"अहो, केस पिकले की तुमचे!"

"गेम माझ्याहून म्हातारा दिसतो," बटणराव म्हणाला आणि हसलाही.

त्याची मतं ठाम. नव्या गेममध्ये भीतीच नाही म्हणायचा. मेलात की तिथल्या तिथे जिवंत. जुन्यात मोजके जीव, गेले की गेले. राक्षसाला कोण घाबरतंय? माणूस घाबरतो ते हातातलं निसटेल म्हणून.

"मामा, पण भूत कधी येणार?" धाकटा भाचा म्हणाला.

"घाई असेल तर जिन्यात बघून ये. अंधारच आहे."

भाचा जागचा हलला नाही.

त्या कॅसेटमध्ये बटणरावाच्या लेकीचा, चिमीचा खेळ होता. हातात कंदील घेतलेली इवलीशी बाहुली, आणि वाटेत एक काळा बोगदा. बोगद्याचं संगीत सुरू झालं की चिमी बापाच्या बाहीला घट्ट धरायची. "बाबा, तुम्ही न्या ना मला पलीकडे." एके दिवशी तिने बोगद्याच्या तोंडाशीच खेळ सेव्ह केला. डोकं दुखतंय म्हणाली. "उद्या जाऊ हं, बाबा." मग ताप चढला. तो उतरलाच नाही.

बटणरावाने बाहुलीला पुढे एक पाऊल टाकू दिलं नाही. दुकान बंद केलं की रोज गेम लावायचा, नुसता बघायचा. ती तिथेच उभी. कंदील धरून, त्याची वाट बघत.

पण खेळ लक्षात ठेवतो तो कॅसेटच्या पोटातला सेल, आणि तो आता शेवटच्या घटका मोजत होता. वाढदिवशी तिची जागा रिकामी दिसायला नको, म्हणून बटणराव त्याच रात्री बसला. बाहेरून दोन वायरी जोडून वीज चालू ठेवायची आणि तेवढ्यात सेल बदलायचा. क्षणभर वीज तुटली की सगळं पुसलं. गिऱ्हाइकांच्या कॅसेटना त्याने हे कितीदा केलं होतं. एकदाही चूक झाली नव्हती.

त्या रात्री झाली.

जुना सेल निघाला... आणि वायर सुटली.

त्याने कॅसेट तशीच मशीनमध्ये लावली. सेलशिवाय गेम चालतो; फक्त त्याला काही आठवत नाही. चिमीच्या नावाची जागा कोरी होती.

"मग?" नव्या भाचेसुनेने हळूच विचारलं.

मामांनी पाण्याचा घोट घेतला.

"जमिनीवर बसला. 'चिमे... माझ्याच हातून गेलीस गं.' रडता रडता डोळा लागला त्याचा."

जाग आली ती संगीताने.

बोगद्याचं संगीत.

खेळायचा रिमोट टेबलावर होता. कोणी हात लावलेला नव्हता. पडदा काळा... आणि त्यात एक कंदील. थोडा पुढे. थांबला. पुन्हा थोडा.

बाहीला ओढ बसली. हलकीशी.

त्याने मान वळवली नाही. वळवली असती तर...

"जा," तो म्हणाला. "जा बाळा. मी आहे इथे."

बाही सुटली.

कंदील चालत गेला. लहान झाला... मग नुसता अंधार.

सकाळी त्याने मशीन बंद केलं, पुन्हा लावलं. चिमीचं नाव जागेवर होतं. बाहुली बोगद्याच्या पलीकडे, उजेडात उभी होती.

"आता रोज बघतात ते?" भाचेसुनेने विचारलं.

"नाही गं. आता तिथे त्याची वाट कोण बघतंय?"

"झोपेत नवा सेल बसवला असेल त्यांनी," धाकटा म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून कॅसेट मी माझ्या हाताने उघडली." मामा उठले, चपला शोधू लागले. "सेलची जागा रिकामी आहे. आणि नवा सेल अजून पाकिटातच. तेसुद्धा फोडलेलं नाही."