मागच्या बाकावरचा आवाज

डोंगरातल्या लिछ्वानला निघालेल्या बसमध्ये थान यिन हेडफोन लावून बसली होती. परवा तिच्या अकरावीच्या मुलांची इंग्रजीची प्रायोगिक चाचणी होती, आणि प्रांताच्या परीक्षा कार्यालयाने पाठवलेली, ऐकून उत्तरं लिहायच्या भागाची नमुना ध्वनिफीत ती तिसऱ्यांदा ऐकत होती.

"काय हे! तोंडात गरम बटाटा धरून बोलतोय का हा माणूस?" ती जरा मोठ्यानेच पुटपुटली.

हेडफोनमधला आवाज शेजारच्या तरुणालाही ऐकू येत होता; त्याने खिडकीकडून मान वळवली. "बटाटा नव्हता... सर्दी झाली होती."

"म्हणजे... हा आवाज—"

"माझा. मी छू ह्वाय, परीक्षा कार्यालयातून. चाचणी घ्यायला तुमच्याच शाळेत निघालोय. तुमच्या पिशवीवर शाळेचं नाव दिसलं."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तरी ती म्हणालीच, "पण तुमच्या सर्दीचा भुर्दंड माझ्या पोरांनी का भरायचा?"

तो इतकं मोकळं हसला, की घाट संपेपर्यंत तिला पुन्हा हेडफोन लावावेसेच वाटले नाहीत.

चाचणी झाली. वाचनात मुलांनी बाजी मारली, ऐकण्यात मात्र निम्मा वर्ग पार आपटला. हेडमास्तरांनी थान यिनला बोलावून स्पष्ट सांगितलं, "अहवाल असाच गेला, तर पुढच्या सत्रात वर्ग दुसऱ्याकडे."

दीड वर्ष तिने ही डोंगरातली पोरं सांभाळली होती. दुपारी डबा न उघडताच ती तरातरा छू ह्वायसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या पोरांना येतं, सर!"

"तुम्हाला तसं वाटतं, मॅडम. कागद वेगळं सांगतोय."

"मग तुमच्या कागदाला विचारा, तो कधी मागच्या बाकावर बसलाय का!"

मग त्याने मुलांच्या बैठकव्यवस्थेचा तक्ता काढला आणि एकेका नावापुढे गुण मांडू लागला. पहिल्या रांगेत सव्वीस, चोवीस... शेवटच्या रांगेत नऊ, अकरा.

"चला," तो उठला.

रिकाम्या वर्गात दोघं शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले. फळ्यावरच्या जुन्या स्पीकरवर चाचणीची ध्वनिफीत सुरू झाली. खरखर, घरघर... तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला होता. बाजूला व्हायला जागा नव्हती, आणि असती तरी—

"काय म्हणाला हा?" त्याने कुजबुजत विचारलं.

"मला काय विचारता? तुम्हीच म्हणालात ना!"

"माझंच मला कळलं नाही," तो म्हणाला, आणि दोघं हसत सुटले.

हसू ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "ही परीक्षा मुलांची झालीच नाही. तसं लिहावं लागेल मला. वरचे खूश होणार नाहीत."

"लिहाल?"

"लिहीन."

तो गेला. आठ दिवस काही कळलं नाही. थान यिन एकच वही दोनदा तपासे, फोन उलटा ठेवी, पुन्हा सुलटा करी. अहवालाचीच काळजी आहे, दुसरं काही नाही... असं ती स्वतःला बजावत राहिली.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या फाटकापाशी उभा दिसला.

"अहवाल मान्य झाला. नवे स्पीकर बसले की पुन्हा चाचणी. वर्ग तुमच्याकडेच राहील."

तिने कितीतरी वेळाने श्वास सोडला. "आणि चाचणीला तुम्हीच येणार ना?"

"नाही. या शाळेचे पेपर मला नकोत, असं मीच लिहून दिलंय."

"का?" तिचा आवाज चिरकला. "काय केलं माझ्या पोरांनी?"

"पोरांनी नाही... परीक्षक कुणाच्या बाजूचा असून चालत नाही. आणि मी—" तो अडखळला, "मी तुमच्या बाजूचा झालोय, यिन."

घंटा वाजली. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझा तास आहे."

"थांबतो."

"इथे थंडीत नको. समोर नूडल्सचं दुकान आहे. दोन वाडगे सांगून ठेवा... माझ्यात तिखट जास्त."

ती पळतच जिना चढली. खिडकीशी सगळा वर्ग लोटला होता.

"मॅडम, कोण आहेत ते? मॅडम!"

"इंग्रजीत विचारा, मग सांगते," ती धापा टाकत म्हणाली.

चाळीस जणांनी एका सुरात, एकही चूक न करता विचारलं. उत्तर द्यायला मात्र थान मॅडमना एक शब्दही आठवेना.