उत्तर देऊ नये

बाळ एकदाचं झोपलं होतं. शहाण्या आईने त्याच्याबरोबर झोपून घेतलं असतं. मी गच्चीवर जाऊन बसले. तिथे काका, म्हणजे माझे चुलतसासरे, धाकट्या दिराला काहीतरी सांगत होते. दीर वेबसाइट बनवतो, त्यामुळे त्याचा भुतांवर विश्वास नाही.

"चष्म्याचा दुकानदार, माझा मित्र," काका म्हणाले. "गेल्या वर्षीची गोष्ट. थंडी पडली ती पहिली रात्र, रविवारची. दुकान बंद करून तो वरच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसला. काम साधं होतं. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला आपोआप मेल जायला हवा."

"फोन करायचा की," मी म्हटलं.

"फोन त्याची बायको करायची. ती त्या उन्हाळ्यात गेली. याने फोन केला की लोक विचारायचे, वहिनी कुठे आहेत? ते सांगणं त्याच्या जिवावर यायचं. तयार चष्मे खणात साचत चालले. म्हणून हा उपद्व्याप."

पण मेल जात नव्हते. मेल पाठवणारी कंपनी वेबसाइटला एक गुप्त 'की', म्हणजे परवलीची अक्षरं, देते, तिच्याशिवाय दार उघडत नाही. ती चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा राहून गेली होती. ती त्याने काढली. आता पलीकडून 'स्वीकारलं' असं यायचं, तरी मेल कुणालाच मिळेना.

"खातं चाचणीवर असणार," दीर म्हणाला. "नव्या खात्यातून कुणालाही मेल जात नाही. आधी समोरच्याने लिंक दाबून होकार द्यावा लागतो."

"तेही त्याला सापडलं. मग चाचणीसाठी एक पत्ता टाकायचा होता. बोटांनी सवयीने बायकोचा टाकला."

दिराने फोनवरून नजर वर केली.

"तिची मेलची पेटी त्यानेच बंद करून टाकली होती. लिंक परत येणार हे त्याला ठाऊक होतं. पत्ता पुसायला गेला... तर पुढे लिहिलेलं. होकार मिळाला."

"काका, मेल तपासणारे स्कॅनर असतात. लिंका आपोआप उघडतात."

"बंद पेटीत कोण बसलंय रे स्कॅनर लावून?"

दीर हसला, पण अर्धाच.

"त्याने चाचणीचा मेल पाठवला. तुमचा चष्मा तयार आहे. पोचला. जरा वेळाने नोंद आली... उघडला."

काकांचा आवाज खाली आला.

"मग त्याने लिहिलं, जेवलीस का? उघडला. तूच आहेस ना? उघडला. उत्तर नाही. काहीतरी बोल गं. उघडला... तो नुसता बघत बसला."

"आणि?"

"मग त्याने आपलाच मेल नीट वाचला. तळाशी दोन ओळी होत्या. कुणाशी बोलायला लागू नये म्हणून त्यानेच घातलेल्या. पहिली ओळ, कृपया या मेलला उत्तर देऊ नये. पाठवणाऱ्याचा पत्ताही तसलाच. तिथे कुणी काही लिहिलं तरी ते कुठेच पोचत नाही."

"नो-रिप्लाय," दीर हळूच म्हणाला.

"त्याने घाईघाईने पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता घातला. त्याचीही आधी खात्री करून द्यावी लागते. दोनदा चुकला. शेवटी लिहिलं, आता बोल. पाठवलं."

खाली बाळ रडल्यासारखं वाटलं. मी कान दिला. काही नव्हतं. मला नेहमीच वाटतं.

"गेला नाही."

"का?"

"तिचा पत्ता बंद यादीत पडला होता, म्हणजे ज्यांना मेल पाठवायचे नाहीत त्यांच्या यादीत. नुकताच. पुढे कारण लिहिलेलं... मेल मिळणाऱ्याच्या विनंतीवरून."

"म्हणजे तिला नको होते मेल?" मी विचारलं.

"तळाशी दुसरी ओळ होती ना. मेल नको असतील तर इथे दाबा." काका उठले, अंधारात पायांनी चपला चाचपू लागले. "सगळ्या मेलमध्ये तिला दाबता येण्यासारखं तेवढंच होतं."

दिराने त्यांना फोनचा उजेड दाखवला.

"आता दुकानाच्या मेलना उत्तर देता येतं," काका जिन्यावरून म्हणाले. "लोक लिहितात. तोही लिहितो. बंद यादी मी स्वतः पाहिली आहे... तिच्यात एकच पत्ता आहे."