पुस्तकातली पंचवीस अंशांची खोली

अभिमनला मी आधी कूलरवाला समजले.

सन अठ्ठ्याण्णवचा मे महिना, जळगाव. प्रयोगशाळेच्या दारात घामाघूम मुलगा, हातात लाकडी खोकं. मान वर न करताच मी म्हणाले, "कूलर त्या कोपऱ्यात बसवा."

"बसवला असता... पण हा लेसर आहे. पुण्याहून उसना आणलाय," तो म्हणाला. "तुम्हीच हेमलता पाटील ना? कॉम्प्युटरवर उष्णतेचं गणित मांडणाऱ्या?"

मी लाजेने चूर झाले.

काम ऐकायला सोपं होतं. द्रावणात बुडवलेल्या काचेवर लेसरचा बारीक ठिपका पाडायचा, तेवढीच जागा तापवायची आणि डोळ्यांना न दिसणारे स्फटिक तिथेच वाढवायचे. लेसर किती जोरात चालवायचा, हे माझं गणित सांगणार होतं. जमलं नाही तर माझा प्रबंध अडकणार. जमलं की लेसर पुण्याला परत, आणि तो चालवायला आलेला हा शिंदखेड्याचा अभिमनही.

जमत नव्हतं. रोज दुपारी ठिपका राहायचा बाजूला, सगळं द्रावणच दुधासारखं पांढरं व्हायचं.

"मॅडम, तुमचं गणित तापट आहे."

"तुमचा हात जड असेल."

"हात? बघा की..." त्याने हात पुढे केला. मी खरोखर बघितला, जरा जास्तच वेळ. मग घाईने कीबोर्डकडे वळले.

एका दुपारी लाइट गेली. पंखा बंद, कॉम्प्युटर बंद. काही सुचेना म्हणून मी न वापरलेल्या द्रावणात थर्मामीटर बुडवला. पारा चाळिशीच्या वर. गणितात मात्र मी सुरुवातीचं तापमान पंचवीस धरलं होतं, कारण पुस्तकात खोली पंचवीसचीच असते. जळगावात मे महिन्यात पंचवीस कुठून येणार? मला माझंच हसू आलं.

लाइट आल्यावर आकडा बदलला. लेसरचा जोर बराच खाली आला. संध्याकाळी काचेवर एवढासा करडा ठिपका उमटला, भोवती द्रावण नितळ. मी आनंदाने वळले, तर अभिमनचा चेहरा पडलेला; आश्चर्य मात्र नव्हतं.

"द्रावण आधीच गरम असतं, हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी भांडं हाताला गरम लागलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर... काम झालं असतं."

राग आला, आणि आतून गोडही वाटलं. दोन्ही एकदम, त्यामुळे रागच बोलला. "माझा प्रबंध अडला होता, अभिमन."

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग मान खाली घालून, घरच्या बोलीत, "पण मन्हं मन आठेच लागी गयं."

त्याचं मन इथेच लागलं होतं. मी काचेची कड पुसत राहिले. पुसण्यासारखं तिच्यावर काही उरलं नव्हतं. तो जाणार, हे मला त्या ठिपक्याहून स्पष्ट दिसत होतं.

"लेसर पोचवा," शेवटी मी म्हणाले. "येताना शिंदखेड्याला उतरा. आई-आबांना घेऊन आमच्याकडे या, मेहरूणला. वडिलांना, नानांना, मी आजच सांगून ठेवते."

लेसर भरायला उचललेलं खोकं कुठे ठेवावं त्याला कळेना. "नानांनी काही विचारलं तर?"

"विचारतील ते लगेच सांगायचं. लपवायचं नाही."

"सगळं?"

"सगळं. मी तुम्हाला आवडते, हेसुद्धा."

"आणि मी तुम्हाला?"

"ते मी सांगेन त्यांना," मी म्हणाले.