रुमालाखालचा भाव

जुन्या गाडीची किंमत मी बोटांनी काढतो. पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं की पुट्टी कुठं भरलीय आणि पत्रा कुठं शाबूत आहे ते कळतं. प्रसेनजीतनं लिहिलेली किंमत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं शाहूपुरीतले गॅरेजवाले म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. आमच्या घरात भूतखेत कधी नव्हतं. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच अंगारेधुपारे पंचगंगेत सोडले होते.

१९९७च्या मे महिन्यात मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मला फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याच्या रस्त्याला पाठवलं. गणपतराव नावाच्या म्हाताऱ्याची छत्तीस सालची कापडी टपाची टूरिंग गाडी विकायची होती. मी लिहीन ती किंमत दोघांनाही मान्य होती. "एक लाखाच्या वर जाऊ नका," व्यापारी फोनवर म्हणाला. त्याची वर्षाला दहा कामं माझ्याकडं यायची. मी "बरं" म्हणालो.

शेडमध्ये गाडी विटांवर उभी होती. लांब बॉनेट, पितळी दिवे, सात माणसांची बैठक. पत्रा सगळीकडं खणखणीत वाजला. चार लाखांना स्वस्त होती.

"आठरा वरसं जाग्यावरनं हाललेली न्हाय," गणपतराव म्हणाले. त्यांचा एकुलता एक मुलगा जोतीराम पावसाळ्यात ही गाडी घेऊन घाटात गेला होता. कड्याच्या अलीकडं गाडी सापडली, हँडब्रेक ओढलेला. जोतीराम सापडला नाही. "म्हातारीनं आजवर इकू दिली न्हाय. आता तिच्याच काळजाचं आपरेशन हाय. मिरजेचं डाक्टर दोन लाख म्हंत्यात."

मी खाली वाकलो. चाकांच्या खाचांत लाल माती होती, घाटातली, अजून ओली. मागच्या सीटवरची चटईही भिजलेली होती. बाहेर ऊन रणरणत होतं. शेडचा पत्रा कुठं गळतो का ते मी उगाच पाहून घेतलं.

गणपतराव जन्मभर वडगावच्या बाजारात जनावरांची दलाली करत आलेले. मी किंमत सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"जनावराम्होरं त्येची किंमत बोलत न्हाईत, सायेब. गाडीबी तशीच. रुमालाखाली सांगा की."

मला पद्धत ठाऊक होती. रुमालाखाली हात घालायचा, जितकी बोटं धरली तितके लाख. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ड्रायव्हरच्या दारावर पसरला आणि ते गाडीच्या पलीकडं वळले. "घाला हात. आलोच."

त्यांच्या तोंडाकडं बघायची मला लाज वाटत होती. डायरीत डोकं घालून मी उजवा हात टॉवेलखाली सरकवला.

हात आधीच तिथं होता. त्यानं माझी चार बोटं धरली.

म्हातारा पक्का आहे, मला वाटलं. मी बोटं सोडवली आणि त्याचं एकच बोट धरलं. त्यानं पुन्हा चार धरली, घट्ट. हात गार होता. ओला होता. त्याचं मधलं बोट अर्धंच होतं.

"आवो, मी यायच्या आदीच?"

गणपतराव घराच्या दारातून येत होते. दोन्ही हातांत चहाच्या कपबश्या होत्या.

मी हात ओढून घेतला. टॉवेल सपाट पडला. सीटवर कुणीही नव्हतं.

तेव्हा तरी चार लिहायला हवे होते. मी एक लिहिला.

गणपतरावांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "तुमी म्हंता म्हंजी तेवढीच आसंल," ते म्हणाले आणि त्यांनी मला चहा दिला. तो मी प्यालो.

गाडी मुंबईला गेली. गणपतरावांची बायको, बाळाबाई, दिवाळीच्या आधीच वारल्या. ऑपरेशनला पैसे पुरलेच नव्हते. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या फोटोशेजारी एका तरुणाचा फोटो होता, त्याच गाडीत बसलेला, हात स्टिअरिंगवर ठेवून. मधलं बोट अर्धं होतं.

"गुऱ्हाळाच्या चरकात गेलं," गणपतराव म्हणाले. "आईवर लई जीव त्येचा."

त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्याच हिवाळ्यात चादरीखाली माझी चार बोटं कुणीतरी धरली. मग कधी रेनकोटच्या बाहीत, कधी स्कूटरच्या सीटवर टाकलेल्या टॉवेलखाली. डॉक्टर म्हणाले, नस दबलीय. दोन वर्षांनी तीनच बोटं धरली जायला लागली. मग दोन. माझ्याइतकं हे कुणाला कळणार? भाव पाडायचा असतो तेव्हा असाच पाडतात. भाव माझ्या जिवाचा चाललाय तेही मला ठाऊक आहे, आणि तो अन्यायाचा आहे असं मला म्हणता येत नाही.

आता २००४चा आषाढ आहे. काल दुपारी हात पुसायला टॉवेल घेतला, तेव्हा त्यानं एकच बोट धरलं.

हे सगळं मी डाव्या हातानं लिहितोय. उजवा मांडीवर आहे, टॉवेलखाली. कालपासून टॉवेल वाळलेला नाही.