सव्विसावा भाग

मेघनाचा दिवस जपानी ऐकण्यात जायचा. पुण्यात भाषा शिकून ती बारामतीला परतली होती आणि जळोचीतल्या घरी, वरच्या खोलीत बसून मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीसाठी दुभाष्याचं काम करत होती. फावल्या वेळात जुन्या जपानी कार्टून मालिकांना सबटायटल लावायचा तिला नाद होता. सध्या तिच्या हातात होतं 'सातव्या चंद्रावरचं ठाणं'. १९७८ सालची अंतराळातली मालिका, जपानबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसलेली. एकूण भाग सव्वीस. त्यातला शेवटचा जपानातही कुणाकडे उरला नव्हता.

म्हणूनच इंदापूर तालुक्यातल्या कळसहून बुद्धघोष नावाच्या शिक्षकाचा फोन आला, तेव्हा तिचा विश्वास बसेना.

"आमच्या विहारात पूर्वी एक जपानी भंतेजी आले होते. त्यांनी ठेवलेल्या तेरा व्हिडिओ कॅसेटी हायेत, एकेकीत दोन भाग. तुमी फेसबुकवर टाकलेलं चित्र त्यांच्या डब्यांवर हाय."

रविवारी सकाळी लॅपटॉप आणि वायरी घेऊन ती पिंपळीवरून कळसला पोचली. कॅसेटी विहारालगतच्या घरात होत्या, बुद्धघोषच्या चुलतीकडे. केसरबाई पंच्याहत्तरीच्या, विहाराची झाडलोट करणाऱ्या. त्यांचे मालक कचरू १९८४ साली उजनीच्या पाण्यात मासे धरायला गेले, ते परत आलेच नाहीत. होडी तेवढी सापडली. डब्यांवरची धूळ पुसता पुसता बुद्धघोषने हे सगळं सांगून टाकलं. तो जरा जास्तच बोलतो, असं मेघनाला वाटलं.

केसरबाईंनी जुना कॅसेट प्लेअर टॉवेलात गुंडाळून जपला होता. टीव्हीवर चित्र लागलं. उजाड चंद्रावर काचेचं ठाणं आणि आत खुर्चीवर, कानाला यंत्र लावून बसलेला एक माणूस. भरकटलेल्या जहाजांना तो वाट सांगतो. तो खुर्ची सोडून कधीच उठत नाही. मेघनाला तो पाठ झाला होता.

केसरबाई टीव्हीकडे पाठ करून शेंगा फोडत बसल्या होत्या. जहाजाचा कप्तान काहीतरी बोलला आणि त्या खुदकन हसल्या. विनोद नेमका तिथेच होता.

"आजी, तुम्हाला कळतं हे?"

"न कळाया काय झालं? मराठीतच तर बोलत्यात."

मेघनाने बुद्धघोषकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तिने भलतीच कॅसेट घातली, मधूनच लावली. केसरबाई एकेक वाक्य सांगत गेल्या. एकही चुकलं नाही.

"चाळीस वर्षं बघतायत. पाठ झालं असणार," ती शेवटी म्हणाली.

"तसंच असंल," बुद्धघोष चटकन म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

मग लॅपटॉपची वायर जोडून तिने तेरावी कॅसेट उतरवायला लावली. सव्विसाव्या भागात एकही जहाज नव्हतं. तो माणूस एकटाच होता. शेवटी तो समोर वळला, थेट बघणाऱ्याकडे, आणि त्याचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. टेप झिजली असेल, मेघनाच्या मनात आलं.

केसरबाईंचे हात थांबले. त्या टीव्हीकडे वळल्या.

"न्हाय वसरलं अजून," त्या पडद्याला म्हणाल्या. "तितंच बसा."

त्या बोलत होत्या तोवर त्याचे ओठ मिटलेले होते. बोलणं संपलं तसा तो पुन्हा पाठमोरा झाला.

"काय विचारलं त्यानं?"

"पाणी वसरलं का म्हून इचारतोय. दर उन्हाळ्यात इचारतोय." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मालक हुते तवा ह्या बाप्याचा आवाज निराळा हुता, पोरी. ते गेलं, आन् तवापासनं ह्यो त्यांच्या आवाजात बोलतोय."

"मग त्यांना या म्हणत का नाही तुम्ही?"

केसरबाईंनी पदरावरची टरफलं झटकली.

"ह्यो मला केसर म्हून हाक मारतो. मालकांनी कवा माझं नाव घेतलं न्हाय."

"मग लावताच कशाला?"

"न्हाय लावलं, आन् न इचारताच आलं मंजे?"

निघताना बुद्धघोष तिच्या स्कूटीपाशी आला. "आता भाग तुमच्याकडं हाय ना? नीट उतरला ना?" त्याने दोनदा विचारलं. तिला तो सुटल्यासारखा दिसला. पिंपळी येईपर्यंत ती ह्याच एका गोष्टीचा विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण उरकून, तिने सव्विसावा भाग लावला. खिडकीतून ऊन येत होतं. खाली आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

तो माणूस समोर वळला.

या वेळी आवाज होता. स्वच्छ, अदबीचा जपानी.

"मेघना-सान, तिकडचं पाणी ओसरलं का?"

दिवसभर कंपनीच्या जपानी साहेबांच्या फोनवर जो शब्द तिच्या तोंडी असायचा, तोच सवयीने निघून गेला. जपानीतला होकार.

"हाय."

तो हसला नाही. त्याने कानावरचं यंत्र काढून ठेवलं, खुर्ची मागे सरकवली आणि उठला. चौकटीच्या डाव्या बाजूने निघून गेला.

तिने लॅपटॉप मिटला. खाली आईचं बोलणं चालूच होतं.

कितीतरी वेळाने तिने तो पुन्हा उघडला. तो भाग नाही लावला. पहिला लावला, जपानहून आलेला, शंभरदा पाहिलेला. खुर्ची रिकामी होती. नववा लावला, मग सतरावा.

जहाजावरची माणसं नेहमीसारखी वाट विचारत होती, आणि उत्तरापुरती थांबून, डाव्या बाजूला बघत होती.